धागा: शेजारचा मोदक मी खाल्ला आणि धाकट्या जाऊला अडखळण झाली

मांजलपूरची_थोरली | २९ ऑगस्ट, रात्री १०:५०

सगळ्यांना सलाम. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नमस्कार, तुमचंही मत मला हवंच आहे.

आम्ही बडोद्यातली तिसरी पिढी. आजेसासरे नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, जिन्यात गुजराती. समोरच्या फ्लॅटमध्ये मराठी कुटुंब आहे, त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. काकूंचं नि माझं वीस वर्षांचं येणं-जाणं आहे. नाताळात आमच्या करंज्या तिकडे जातात, गणपतीत त्यांचं ताट इकडे येतं. मी आरतीला उभी राहत नाही हे त्यांना माहीत आहे आणि त्यांनी कधी आग्रहही केला नाही. पण ताट आलं की मी घेते, खाते. माझ्या विश्वासाप्रमाणे देव एकच, अन्न हे अन्नच, आणि काकूंची माया खरी. त्यामुळे खाताना मनात कधी काही आलंच नाही.

यंदा ताट आलं तेव्हा धाकटी जाऊ आमच्याकडे होती. तिचं माहेर इथल्याच वाडी भागातलं, घरी पाच दिवसांचा गणपती. दिराशी लग्न होऊन तीन वर्षं झाली. बाप्तिस्मा तिने गेल्या वर्षी ईस्टरला घेतला, स्वतःहून, आमच्यापैकी कोणी तिला भरीस घातलं नव्हतं. काकूंसमोरच मी एक मोदक तोंडात टाकला आणि ताटली तिच्यापुढे केली. तिने हात मागे घेतला. काकू गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही खाता?"

एवढंच बोलली. त्यानंतर माझ्याशी मोकळेपणाने बोललेली नाही.

मला मोकळीक आहे हे मला कळतं. पण तिला काय सांगू? बसवून समजावू की मोदक सोडून देऊ? आणि सोडला तर वीस वर्षांनी काकूंना काय सांगायचं?

लारी_नंबर_९ | २९ ऑगस्ट, रात्री ११:२०

समजवा तिला. बायबलमध्ये प्रेषित पौलाने स्पष्ट लिहिलंय की अन्नाने आपण देवाजवळही जात नाही आणि दूरही जात नाही. ती नवीन आहे, शिकेल. तुम्ही तिच्या पातळीवर उतरलात तर ती वर कधी येणार?

पाटीपेन्सिल | ३० ऑगस्ट, सकाळी ६:१५

थोरलीताई, सलाम. मी निवृत्त शिक्षक. शब्बाथशाळेत (चर्चच्या बायबल वर्गात) चाळीस वर्षं शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लारीभाऊंनी सांगितलेलं वचन १ करिंथच्या, म्हणजे पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला (चर्चला) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या, ८ व्या अध्यायातलं आहे. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'नैवेद्य' हाच शब्द आहे, त्यामुळे हा अध्याय मला कायम शेजारच्या घरातला वाटत आला. करिंथ हे शहर ज्यूलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलेलं. उत्खननात तिथे देवळांच्या आवारात जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत. एखाद्याचा वाढदिवस असो, नवस फेडायचा असो, पंगत देवळाच्याच आवारात बसायची. बाजारातल्या मांसापैकी बरंच देवळातल्या बळीचं असे. गरिबाच्या ताटात मांस पडायचं ते मुख्यतः सणावाराला, म्हणजे देवाच्या नावानेच. तेव्हा खायचं की नाही हा प्रश्न तिथे रोजच्या सोयरीक-शेजाराचा होता.

आता पौलाने काय केलं बघा. ज्यांना "मूर्ती म्हणजे काही नाही" हे कळलं होतं त्यांचं म्हणणं त्याने खोडलं नाही. तुमचं ज्ञान बरोबर आहे, हे मान्य केलं. आणि लगेच म्हणाला, ज्ञान फुगवतं, प्रीती उभारते. पुढे १० व्या ओवीत त्याने मूळ ग्रीकमध्ये 'उभारणे' हेच क्रियापद पुन्हा वापरलंय, पण भलत्याच जागी. तुला देवळात जेवताना पाहून त्या दुर्बळ माणसाचं मन तसंच खायला 'उभारलं' जाईल, असं तो लिहितो. प्रीती बांधते, आणि आपण नुसत्या ज्ञानावर चाललो तर तेच बांधकाम समोरच्याला त्याच्या मनाविरुद्ध उभं करतं. ही जागा शिकवताना मी दरवेळी थांबतो. वर्गातली मुलंही थांबतात.

म्हणून तिला समजावण्याआधी तिच्या मनात नेमकं काय झालं ते विचारा. "तुम्ही खाता?" या दोन शब्दांत राग आहे की मोह आहे की दुःख, हे इथे आम्हा कोणालाच ठाऊक नाही.

लारी_नंबर_९ | ३० ऑगस्ट, सकाळी ९:४०

सर, आदर ठेवूनच बोलतो. हा 'अडखळण' शब्द मी लहानपणापासून फार सोसलाय. मी ज्या मंडळीत वाढलो तिथे तरुण संघाने गिटार आणली, तर वडीलधाऱ्यांना अडखळण. जीन्स घालून वाचनाला उभा राहिलो, अडखळण. उत्तरायणला रविवारी गच्चीवर पतंग उडवला, अडखळण. ज्यांना अडखळण व्हायची ते तीस-तीस वर्षं वडीलपणा करणारे लोक होते. ते दुर्बळ कसे? दोन मित्रांनी त्या काळात उपासनेला येणं सोडलं ते सोडलंच. ते अडखळले त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

अजून एक. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या बडोद्यात अंडी-मांसाच्या लाऱ्यांनी (हातगाड्यांनी) माल झाकून ठेवावा अशी सूचना निघाली होती. कारण काय, तर बघणाऱ्यांच्या भावना. माझा काका ऑम्लेटची लारी लावतो. त्याने कापड टाकलं. ती प्रीती नव्हती. म्हणून कोणी 'दुसऱ्यासाठी सोड' म्हटलं की मी आधी विचारतो, सोडायला सांगणारा कोण आहे?

पाटीपेन्सिल | ३० ऑगस्ट, दुपारी १२:०५

भाऊ, तुमच्या मित्रांचं वाचून वाईट वाटलं. माझ्या पिढीने हे केलं आहे, आणि मीही त्या वडीलधाऱ्यांत बसलेलो आहे.

तुमच्या प्रश्नातच भेद आहे. अडखळणं वेगळं, नाराज होणं वेगळं. ८:१३ मधल्या क्रियापदाच्या मुळाशी 'स्कांदालोन' हा शब्द आहे. सापळ्यात आमिष लावलेली जी काडी असते, जिला धक्का लागला की सापळा मिटतो, ती. म्हणजे माझं बघून दुसऱ्याने असं काही करावं की जे त्याचं स्वतःचं मन पाप मानतं, आणि तो त्यात अडकावा. गिटार ऐकून कपाळाला आठी पडली म्हणजे सापळा मिटला असं होत नाही. ते वडील गिटार वाजवायला लागून विश्वासातून ढळणार नव्हते. त्यांना फक्त ती आवडत नव्हती.

पौलानेही प्रत्येक नाराजी झेललेली नाही. तीमथ्य आणि तीत हे त्याचे दोन सोबती. तीमथ्याची सुंता त्याने यहुद्यांकडे जाणं सोपं व्हावं म्हणून करवली. तीताच्या बाबतीत मात्र लोक हट्टाला पेटले, सुंतेशिवाय तारण नाही म्हणायला लागले, तेव्हा तो तसूभर हलला नाही. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवत होता, यरुशलेमचे यहुदी ख्रिस्ती येताच ताटावरून उठला, तर पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. तिथे 'दुसऱ्यांना बरं वाटावं' म्हणूनच पेत्र उठला होता ना! पण त्याच्या उठण्याने जे ताटावर राहिले ते हलके ठरले. तेव्हा कोणासाठी सोडतोय हे बघायचं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यासाठी, की ज्याचा पाय अजून डगमगतोय त्याच्यासाठी?

तुमच्या काकांच्या कापडाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. हुकमाने टाकलेलं कापड या अध्यायात बसत नाही.

नीरेकाठची | ३० ऑगस्ट, दुपारी २:३०

मी मूळची बडोद्याची नाही, लग्न होऊन आले. माझी आजी केडगावला पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून मला त्यांचं आठवलं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. ख्रिस्ती झाल्या तरी त्या शाकाहारीच राहिल्या. वाँटेजच्या ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांनाही ते समजायला जड गेलं. मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे येणाऱ्या बहुतेक मुली ब्राह्मण विधवा. त्यांच्या जेवणाखाण्याचे, सोवळ्याओवळ्याचे नियम जसेच्या तसे पाळले जातील अशी सोय रमाबाईंनी केली. स्वतः त्या हे मानत नव्हत्या, पण मुलींच्या मनाला धक्का लागू नये म्हणून स्वयंपाकघर तसं ठेवलं. त्याच वेळी स्वतःची प्रार्थना मात्र त्यांनी दार लावून केली नाही. १८९३ मध्ये त्यावरूनच पुण्यात गदारोळ झाला आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

मला यात दोन्ही दिसतं. दुसऱ्याच्या मनासाठी स्वयंपाकघर बदललं, प्रार्थनेची जागा बदलली नाही. आजी सांगायची, कशाला हात लावायचा नि कशाला नाही हे बाईंना कळत होतं. थोरलीताई, मोदक हे तुमचं स्वयंपाकघर आहे की प्रार्थना, ते तुम्हीच ठरवू शकाल.

साधा_पेला | ३० ऑगस्ट, दुपारी ४:५०

फार लिहीत नाही. गुजरातमध्ये दारूबंदी आहे असं म्हणतात. मला रोज मिळत होती. सुटून आता सहा वर्षं झाली.

नव्या गावात एका मंडळीत प्रभुभोजनाला (प्रभूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) गेलो, तिथे खरा द्राक्षारस होता. वास आला आणि हात थरथरायला लागला. पेला तसाच पुढे दिला. बाहेर येऊन ओट्यावर बसलो. पाळकसाहेब उपासना झाल्यावर शेजारी येऊन बसले, काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांसाठी साधा रस आला. त्यांनी कारण जाहीर केलं नाही. माझं नाव घेतलं नाही.

नंतर वाचलं की न आंबवलेला रस प्रभुभोजनात रुळला तो असाच. १८६९ मध्ये अमेरिकेत वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून न आंबता टिकवायची युक्ती काढली, ती प्रभुभोजनासाठीच. दारू सोडू पाहणाऱ्याला प्रभूच्या मेजावर तरी तिची गाठ पडू नये, ही कळकळ त्या काळच्या मेथडिस्टांना होती.

त्या मंडळीतल्या शंभर लोकांना खऱ्या द्राक्षारसाची मोकळीक होती. त्यांनी ती सोडली, आणि कोणासाठी सोडली हेही त्यांना माहीत नाही.

दांडियाबाजार_गणेश | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे गणपती असतो. ताईंनी आम्हालाही विचारलंय म्हणून लिहितो.

आमच्या आईच्या दृष्टीने प्रसाद म्हणजे बाप्पाने दिलेलं. ते आपल्यातच ठेवायचं नसतं, वाटायचं असतं. कोणी "नको, आमच्यात चालत नाही" म्हटलं तर तिला क्षणभर लागतं, पण ती मान राखते. तिला खरं लागलं ते एकदाच. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी हसून प्रसाद घेतला आणि संध्याकाळी तो जिन्याखाली कागदात दिसला. त्यानंतर तिने त्यांच्याकडे पाठवणं बंद केलं.

म्हणून काकूंना खरं सांगा एवढंच माझं म्हणणं. दारातच हात जोडून सांगा. ताट घेऊन बाजूला ठेवू नका.

एक विचारू? तुमच्या चर्चेत सगळे जाऊबाईंच्या विश्वासाची काळजी करताहेत. काकूंच्या श्रद्धेचं काय? ताई तो मोदक 'फक्त अन्न' म्हणून खातात. काकूंसाठी तो फक्त अन्न नाही.

मांजलपूरची_थोरली | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

गणेशभाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हातातलं काम थांबलं. वीस वर्षांत हे माझ्या मनात आलं नाही. उत्तर आत्ता माझ्याकडे नाही.

आज रात्री जाऊ येतेय. सर म्हणाले तसं आधी विचारेन.

भाजीपोळी | ३० ऑगस्ट, रात्री ८:३०

मी गुजराती घरातली, प्रभूकडे आले त्याला अकरा वर्षं झाली. अजून शाकाहारी आहे. पहिल्यांदा रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. तिथे लिहिलंय, जो दुर्बळ आहे तो शाकभाजी खातो. मंडळीत एक भाऊ ते वचन दाखवून मला कोंबडीचा तुकडा वाढायला यायचे. प्रेमानेच, पण यायचे.

नंतर एका ताईंनी समजावलं. क्लौद्य बादशहाने ४९ च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवलं होतं. ते पुढे परत आले तेव्हा मंडळीत परराष्ट्रीयच जास्त झालेले. नियमाप्रमाणे कापलेल्या मांसाची खात्री नाही, म्हणून बहुधा कित्येकांनी भाजीवरच भागवलं असावं. पौल त्यांना दुर्बळ म्हणतो खरा, पण त्याच अध्यायात खाणाऱ्यांना बजावतो की न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नका, आणि न खाणाऱ्यांना सांगतो की खाणाऱ्याला दोष लावू नका. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण?

मला अजून मांसाची शिसारी येते, तो काही माझ्या विश्वासाचा कच्चेपणा नाही. पण मंडळीच्या प्रीतिभोजनात माझ्यासाठी डाळ-भाताचं वेगळं पातेलं ठेवतात, डाव वेगळा ठेवतात, तेव्हा मला मी त्या घरची वाटते. थोरलीताई, तुमच्या जाऊला 'दुर्बळ' हा शब्द मात्र तोंडावर ऐकवू नका.

मांजलपूरची_थोरली | ३१ ऑगस्ट, पहाटे १२:४०

आत्ताच ती गेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो. तिची परवानगी घेऊन लिहितेय.

गेल्या वर्षी, बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या गणपतीत, ती माहेरी गेली होती. आईने मोदक हातावर ठेवला, तिने परत केला. आई काही बोलली नाही, आत जाऊन रडली. हे तिने आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं प्रभूसाठी हे करावंच लागतं. आणि तुम्ही इतक्या सहज खाल्लात, ताई. म्हणजे मी आईला उगाच रडवलं का?"

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "आणि लगेच दुसरं मनात आलं, ताई खातात तर मी आरतीलाही उभी राहिले तर काय बिघडलं? तेव्हा मला माझीच भीती वाटली. तुमच्यासाठी तो नुसता मोदक आहे, कारण तुम्ही त्या घरात वाढल्या नाहीत. माझ्यासाठी मोदक म्हटला की आरती आली, आरती म्हटली की बाबांचा आवाज आला, सगळं एका दोऱ्यात आहे. एक ओढलं की सगळं येतं."

सर, तुम्ही सापळ्यातल्या काडीचं लिहिलंत ते तिने न वाचता सांगितलं. मला वाटलं होतं ती मला दोष देतेय. ती दोष देत नव्हती, ती घसरत होती, आणि धरायला माझ्याकडे बघत होती.

मी तिला समजावलं नाही. म्हणाले, तू आईला उगाच रडवलं नाहीस, तुझ्या मनाला जे खरं वाटलं ते तू केलंस. आणि तू घरात आहेस तोवर, तुझ्या मनातला तो दोरा सुटा होईपर्यंत, मीही खाणार नाही. ती रडली. मीही रडले.

लारी_नंबर_९ | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:०५

ताई, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. "शिकेल" म्हणालो होतो. मला वाटलं होतं तिला माहिती कमी आहे.

पाटीपेन्सिल | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:३०

८:७ मध्ये पौल हेच लिहितो. काहींना आजवरच्या सवयीमुळे ते अन्न मूर्तीचं म्हणूनच लागतं. मी 'सवय' हा शब्द आयुष्यभर घाईने वाचून पुढे जात होतो. त्यात वडिलांचा आवाज असतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गणेशभाऊंच्या प्रश्नालाही १० व्या अध्यायात जागा आहे. जेवायला बोलावलं तर चौकशी न करता खा, पण कोणी "हे देवाला दाखवलेलं आहे" असं सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी आणि त्याच्या मनासाठी खाऊ नकोस, असं तिथे आहे. तो सांगणारा ख्रिस्तीच असेल असं पौलाने म्हटलेलं नाही. काकू दरवर्षी ताट देताना काय म्हणतात, थोरलीताई?

मांजलपूरची_थोरली | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:१०

"बाप्पाचा प्रसाद आहे गं." दरवर्षी हेच म्हणतात.

नीरेकाठची | ३ सप्टेंबर, रात्री ९:००

ताई, पुढे काय झालं? काकूंशी बोललात?

मांजलपूरची_थोरली | ४ सप्टेंबर, रात्री १०:१५

रविवारी वाडीत विसर्जन होतं. उपासना आटोपून जाऊला घेऊन मी तिच्या माहेरी गेले. आरती सुरू झाली तेव्हा आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. तिच्या वहिनीने "राहू दे हो" म्हटलं, पण आम्हालाच हाताला काम हवं होतं. आवाज बाहेर येत होता. ती घासत राहिली, मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले.

निघताना तिच्या आईने एक डबा दिला. म्हणाल्या, "हे कालच वेगळे केलेत. सारण वेगळं, उकड वेगळी. देवापुढे नाही ठेवलेले." वर्षभर त्यांच्याही मनात ते होतं. जाऊने रिक्षातच डबा उघडून एक खाल्ला आणि एक माझ्या हातावर ठेवला.

काकूंना सोमवारी जाऊन खरं सांगितलं. पुढच्या वर्षी प्रसाद घेणार नाही, आणि का ते. गणेशभाऊंचं म्हणणंही सांगितलं, की त्यांच्यासाठी जे बाप्पाचं आहे ते मी इतकी वर्षं नुसतं खाणं म्हणून खात आले. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षांनी सांगतेस?" आणि गॅस बंद करायला आत गेल्या. चहा दिला नाही. असं कधी झालं नव्हतं.

आज चौथा दिवस. सकाळी जिन्यात भेटल्या, दूधवाल्याचं विचारलं, बाकी काही नाही. रविवारी शेव-उसळ करतेय, ती घेऊन जाणार आहे. दार उघडतील असं वाटतं.

दांडियाबाजार_गणेश | ४ सप्टेंबर, रात्री १०:४०

उघडतील. थोडा वेळ द्या. आणि रस्सा घरून तिखट नेऊ नका, तर्री वेगळ्या वाटीत न्या, त्यांच्या वयाला तिखट सोसत नसेल.